शेरू आणि फळी

आमच्या मळ्यावर शेरू नावाचा एक कुत्रा होता. तो साधा गावठी कुत्रा होता. रात्री तो मळ्याची राखण करी आणि दिवसा आमच्याबरोबर खेळे.

मी आठवीत असताना एका मासिकात कुत्र्यांच्या एका खेळाविषयी वाचले. १९७८ साली लंडनमध्ये 'क्रफ्ट्स' हे कुत्र्यांचे मोठे प्रदर्शन भरले होते. मधल्या वेळात लोकांची करमणूक व्हावी म्हणून तेथे हा नवा खेळ दाखवला गेला. घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून जॉन वार्ली व पीटर मीनवेल यांनी तो तयार केला होता. या खेळात कुत्रे आडव्या काठ्यांवरून उड्या मारतात, बोगद्यातून पळतात, रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी धावतात आणि खालीवर होणाऱ्या फळीवरून चालत जातात. कुत्र्याच्या गळ्यात दोरी नसते. मालक बरोबर धावतो. पण त्याने कुत्र्याला हात लावायचा नसतो. आवाजाने आणि खुणेने सांगायचे, बस्स! आज हा खेळ अनेक देशांत खेळला जातो.

मला वाटले, आपला शेरू काय कमी आहे? मी एका दगडावर लांब फळी ठेवली, शेरूच्या गळ्यात दोरी बांधली आणि त्याला ओढतच फळीवर चढवले. तो मध्यावर येताच फळी धाडकन खाली आपटली. शेरू केकाटत पळाला. त्यानंतर माझ्या हातात दोरी दिसली की तो शेपूट घालून विहिरीमागे लपू लागला.

अब्बांनी हे पाहिले. ते म्हणाले, "अरे, तू त्याला शिकवलेस खरे, पण काय शिकवलेस? फळीला भ्यायला आणि तुला भ्यायला!"

मला फार वाईट वाटले. मी दोरी काढून टाकली आणि फळी जमिनीवर सपाट ठेवली. खिशात भाकरीचे तुकडे घेतले. पहिल्या दिवशी शेरूने फळी नुसती हुंगली. मी लगेच "शाब्बास!" म्हटले आणि तुकडा दिला. हे 'लगेच' फार महत्त्वाचे आहे. शाबासकीला उशीर झाला, तर ती कशाबद्दल मिळाली हे कुत्र्याला कळत नाही.

काही दिवसांनी तो चारही पाय फळीवर ठेवू लागला. मग मी फळीच्या मध्याखाली एक बारीक काठी सरकवली. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही टोकांखाली गोणपाट अंथरले. पुढे काठीऐवजी वीट ठेवली. रोज पाचच मिनिटे आमचा खेळ चाले. शेरूला जावेसे वाटले, तर मी जाऊ देई. दुपारी मात्र आम्ही खेळत नसू. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून उन्हात त्याला पळवू नये. लहान पिल्लांना उंच उड्याही मारायला लावू नयेत, कारण त्यांची हाडे वाढत असतात.

एके दिवशी संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत होतो. शेरू आपणहून फळीवर चढला. मध्यावर येऊन थांबला. फळी हळूच खाली झुकली, तसा तो ऐटीत उतरला आणि माझ्या हाताकडे पाहू लागला. माझ्याजवळ तेव्हा काहीच नव्हते! मी भाकरी आणायला घराकडे धावलो आणि शेरू माझ्या पुढे.