मुलांच्या औषधाचे माप

पावसाळ्याचे दिवस आले की घरोघरी मुलांची आजारपणे सुरू होतात. आज नाक वाहते, उद्या खोकला, परवा अंगात कणकण. दर वेळी डॉक्टरांकडे जाणे होतेच असे नाही. मग फळीवरची जुनी बाटली काढली जाते, किंवा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'मुलाला ताप आहे, काहीतरी द्या' असे सांगून औषध आणले जाते. बहुतेक वेळा मूल दोन-तीन दिवसांत बरे होते आणि औषधाचा विषय तिथेच संपतो. परंतु एखादे औषध चिठ्ठीशिवाय मिळते याचा अर्थ ते कसेही दिले तरी चालते असा नाही. मुलांच्या बाबतीत 'कोणते औषध' याइतकाच 'किती औषध' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आजच्या लेखात तोच समजून घेऊ.

वयावर नव्हे, वजनावर

तापासाठी घरात सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे पॅरासिटामॉल. योग्य प्रमाणात दिल्यास ते सुरक्षित आहे. मुलाच्या दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम हे त्याचे एका वेळचे प्रमाण. दोन वेळांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर असावे आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा देऊ नये. दहा किलो वजनाच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम पुरेसे होते.

आता हे १५० मिलिग्रॅम म्हणजे किती औषध? येथेच घोटाळा होतो, कारण बाजारात या एकाच औषधाच्या निरनिराळ्या बाटल्या मिळतात. काहींत ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, काहींत ५ मिलिलिटरमध्ये २५०. तान्ह्या मुलांसाठी जे थेंब मिळतात त्यांत बहुधा एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे दहा किलोच्या मुलाला पहिल्या बाटलीतले ६ मिलिलिटर द्यावे लागेल, दुसऱ्या बाटलीतले फक्त ३, आणि थेंबांचे औषध केवळ दीड मिलिलिटर.

बाटली लहान म्हणून थेंबांचे औषध सौम्य, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तेच सर्वांत जास्त तीव्र असते. ते औषध नेहमीच्या सिरपसारखे एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर पाजले, तर मुलाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातात. हे दहा किलोच्या मुलाच्या प्रमाणाच्या तिपटीहून जास्त झाले. म्हणून 'मागच्या वेळी एक चमचा दिले होते' एवढ्या आठवणीवर नवी बाटली उघडू नये. प्रत्येक नव्या बाटलीवरचा आकडा वाचावा आणि मुलाचे आजचे वजन माहीत असावे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते; ते घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले तर ऐन वेळी शोधाशोध करावी लागत नाही.

डॉक्टरांनी मुलाला तपासून प्रमाण ठरवून दिले असेल, तर अर्थातच तेच पाळावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आल्यास मात्र घरी औषध देऊन वाट पाहू नये. ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

घरातला चमचा

आपल्या प्रत्येकाच्या घरात चहाचे, पोह्यांचे, भाजी वाढायचे असे लहानमोठे चमचे असतात. यांतला कोणताही चमचा औषधाचे माप नाही. खात्री करून घ्यायची असेल तर औषधाच्या झाकणाने ५ मिलिलिटर पाणी मोजून घरातल्या दोन-तीन चमच्यांत ओतून पाहावे. एखाद्यातून पाणी सांडेल, एखादा अर्धाच भरेल.

औषधासोबत मिळणारे खुणा असलेले झाकण, मापाचा चमचा किंवा ड्रॉपर वापरावा. सर्वांत अचूक माप म्हणजे सुई नसलेली ५ किंवा १० मिलिलिटरची नवी सिरिंज. ती मेडिकलमध्ये थोडक्या पैशांत मिळते. औषध देण्यापूर्वी बाटली नीट हलवावी, कारण काही औषधांचा गाळ तळाशी बसतो. न हलवता दिल्यास वरचे पातळ औषध कमी पडते आणि तळचे जास्त होते. मुलाला बसवून, गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडावे. आडवे निजवून, नाक दाबून पाजल्यास औषध श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याची भीती असते.

एकच औषध दोन नावांनी

सर्दीसाठी मिळणाऱ्या अनेक सिरपमध्ये सर्दीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉलही घातलेले असते. तापाच्या काही सिरपमध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही दोन्ही औषधे एकत्र असतात. आई तापाचे औषध देते, आजी सर्दीचे देते, आणि मुलाच्या पोटात एकच औषध दुप्पट जाते. म्हणून मोठ्या अक्षरांतील कंपनीचे नाव न वाचता त्याखालचे बारीक अक्षरांतील मूळ औषधाचे नाव वाचावे. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारावे, 'यात पॅरासिटामॉल आहे का आणि किती आहे?' घरात औषध देणारी व्यक्ती शक्यतो एकच असावी. कोणी, किती वाजता, किती दिले हे कागदावर लिहून तो कागद बाटलीजवळच ठेवावा. रात्री-अपरात्री हा कागद फार उपयोगी पडतो.

खोकल्याच्या औषधाची घाई नको

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या विदर्भाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी द्रव्य आढळले. असे द्रव्य बाटलीकडे पाहून किंवा चव घेऊन घरच्या माणसांना ओळखता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे. गरज नसलेले औषध मुलाला देऊ नये, हीच ती गोष्ट.

लहान मुलांचा सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि आपोआप बरा होतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रण असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालील मुलांसाठी वापरू नयेत, असे केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितले आहे.

मग करावे काय? कोमट पाणी, पेज, वरण-भाताचे पाणी वरचेवर द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला जास्त वेळा पाजावे. नाक चोंदल्यास साध्या मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मेडिकलमधून आणावेत. मोठ्यांचे नाक मोकळे करण्याचे थेंब मुलांना वापरू नयेत. एक वर्षावरील मुलाला खोकल्यासाठी अर्धा चमचा मध देता येतो, परंतु एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. त्यातून बॉटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. लहान बाळाच्या नाकाला कापूर किंवा कापराचे मलम लावण्याची पद्धतही सोडावी. कापूर पोटात गेल्यास मुलाला झटके येऊ शकतात.

ही औषधे मुलांना नकोत

मोठ्यांची गोळी अर्धी किंवा पाव करून मुलांना देऊ नये. अर्ध्या गोळीत किती औषध आले याचा अंदाज चुकतो आणि काही औषधे मुलांसाठी मुळात योग्यच नसतात. निमेसुलाइड हे ताप-दुखीचे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिनमुळे विषाणूजन्य तापातील मुलांच्या यकृताला आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. डेंग्यूची साथ असताना ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो.

जुलाब थांबवण्याची मोठ्यांची गोळीही मुलांना देऊ नये. जुलाबात खरे औषध म्हणजे ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात आणि लहान पाकीट २०० मिलिलिटर पाण्यात पूर्णच्या पूर्ण कालवायचे असते. थोडी पूड कपभर पाण्यात, असे करू नये. मागच्या आजारपणात उरलेले प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नये.

जास्त औषध गेले तर

पॅरासिटामॉलच्या बाबतीत सर्वांत फसवी गोष्ट अशी, की जास्त औषध पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी मूल बरे दिसते. फार तर एखादी उलटी होते. यकृताची हानी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. दर किलोमागे १५० मिलिग्रॅम एकदम पोटात गेले तर धोक्याची शक्यता धरावी. '२५०' च्या ६० मिलिलिटरच्या एका बाटलीत ३००० मिलिग्रॅम औषध असते. दहा किलोच्या मुलाने ती गोड म्हणून पिऊन टाकली, तर हे प्रमाण दुप्पट होते.

अशा वेळी मुलाला मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. 'खेळतो आहे ना, उद्या पाहू' असेही म्हणू नये. यावर उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला गुण येतो. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

मूल सुस्त पडले, झटका आला, श्वास जोरात चालला, पाणीही पोटात टिकेना, लघवी फार कमी झाली किंवा तीन दिवसांत ताप उतरला नाही, तर घरचे उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

आज संध्याकाळी थोडा वेळ काढून घरातली औषधे एकदा बाहेर काढावीत. मुदत संपलेली, नाव पुसट झालेली, अनेक महिन्यांपूर्वी उघडलेली औषधे टाकून द्यावीत. उरलेली मुलांचा हात पोहोचणार नाही अशा बंद कपाटात ठेवावीत. नवे औषध घेताना पावती मागावी आणि बाटली मूल बरे होईपर्यंत फेकू नये; काही बिघडलेच तर बाटलीवरचा बॅच क्रमांक डॉक्टरांना हवा असतो. आणि औषधाला मुलांसमोर 'खाऊ' म्हणू नये. खाऊ म्हटले की मूल तो शोधणारच.