शेतावरील शांत मुक्काम : एक पूरक व्यवसाय

शेतीस जोडधंद्याची साथ असावी, हा विचार शेतकरी बंधूंना नवा नाही. दुभती जनावरे, कोंबड्या, मधमाशा व रेशीम यांची माहिती बहुतेकांना आहेच. अलीकडे त्यांत कृषी पर्यटनाची भर पडली असून महाराष्ट्र शासनाने २०२० साली त्याकरिता स्वतंत्र धोरणही जाहीर केले आहे. प्रस्तुत लेखात या व्यवसायाच्या एकाच प्रकाराचा विचार करावयाचा आहे. शहरातील माणसाने दोन-तीन दिवस मोबाईल बाजूला ठेवून शेतकऱ्याच्या घरी शांतपणे राहावे, असा हा प्रकार होय.

मागणी कशामुळे निर्माण झाली?

पूर्वी कचेरी सुटली की काम कचेरीतच राहत असे. आज ते मोबाईलच्या रूपाने माणसाच्या खिशातून घरी येते. जेवताना, निजताना, सुट्टीच्या दिवशीही त्याचा पाठलाग सुटत नाही. अशा माणसास प्रेक्षणीय स्थळापेक्षा विसाव्याची गरज अधिक असते. तो पोहण्याचा तलाव मागत नाही, की ध्वनिवर्धकावरील गाणीही मागत नाही. स्वच्छ अंथरूण, ताजे अन्न, अंधारी रात्र व शांतता एवढे त्यास पुरते. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टी शेतकऱ्यास विकत आणाव्या लागत नाहीत. मात्र त्या राखाव्या लागतात, आणि ही राखण पिकाच्या राखणीइतकीच दक्षतेने करावी लागते.

अंधार व शांतता यांची राखण

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास हे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची अंडी राखण्याचे काम हाती घेतले. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी लोक येऊ लागले व ग्रामस्थांच्याच घरी उतरू लागले. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने चालतात. किनाऱ्यावर दिवे लावल्यास ती समुद्राऐवजी दिव्यांकडे वळतात व प्राणास मुकतात. अर्थात तेथे अंधार टिकला तरच पिल्ले टिकतील, आणि पिल्ले टिकली तरच पाहुणे येतील.

अकोले तालुक्यातील पुरुषवाडीची गोष्टही अशीच आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाने जोर धरीपर्यंत तेथील झाडांवर काजवे चमकतात व ते पाहण्यास आलेले पाहुणे गावकऱ्यांच्या घरी मुक्काम करतात. काजव्याचा उजेड हा नर-मादीने एकमेकांस ओळखण्याचा संकेत असतो. विजेरी व मोटारीचे दिवे यांच्या झोतात हा संकेत हरवतो आणि पुढील वर्षीची पैदास घटते. म्हणून पाहुण्यांच्या सोयीसाठी अंगणात प्रखर दिवे लावणे ही सोय नव्हे, तर बियाण्याचे धान्य दळून खाण्यासारखे आहे. पायवाटेपुरता, जमिनीकडे झुकलेला मंद दिवा पुरेसा समजावा.

मोबाईलचा नियम

पाहुण्याने मोबाईल वापरू नये अशी केवळ अपेक्षा बाळगून भागत नाही. नियम आधी सांगावा, येण्यापूर्वीच त्यास संमती घ्यावी व तो सोपा असावा. आल्यावर मोबाईल बंद करून लाकडी पेटीत ठेवावा व पेटीची किल्ली पाहुण्याकडेच द्यावी. कोणावरही सक्ती करू नये. पाहुण्याच्या नातलगांस मात्र घरचा एक दूरध्वनी क्रमांक कळवून ठेवावा आणि तो रात्रंदिवस चालू राहील अशी व्यवस्था करावी. घरी म्हातारे आईवडील असलेला माणूस या एका आश्वासनावाचून निश्चिंत होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे यजमानाचे स्वतःचे वर्तन. पाहुण्यास मोबाईल ठेवावयास सांगून ओसरीवर घरचीच मुले मोबाईलवर चित्रफिती पाहत बसली, तर नियमास अर्थ उरत नाही. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवण्याची प्रथा सुरू केली. मुलांनी अभ्यास करावा व माणसांनी एकमेकांशी बोलावे, हा त्यामागील हेतू होता. हा नियम पाहुण्यांकरिता नव्हता, तर गावाने स्वतःसाठी घातला होता. सर्वांनी मिळून पाळलेला नियम जड जात नाही, हा यातील धडा आपल्या घरासही लागू पडतो.

घर, पाणी व स्वच्छता

नवे सिमेंटचे घर बांधण्याची घाई करू नये. कौलारू, जाड भिंतीचे घर उन्हाळ्यात थंड राहते व पाहुण्यास तेच हवे असते. असलेल्या घराच्या एक-दोन खोल्या नीट कराव्यात. खर्च करावयाचा तो प्रथम शौचालयावर. दोन खड्ड्यांचे शौचालय उत्तम. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरात आणावा. पहिल्यातील मैल्याचे कालांतराने खत होते. खड्डे विहिरीपासून किमान ५० फूट दूर व उताराच्या बाजूस असावेत. मोरीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा केळी, अळू यांच्या आळ्यांत सोडावे. पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी व शंका असल्यास पाणी उकळून द्यावे. प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी माठ ठेवावा.

पाहुण्याचा दिवस कसा जावा?

करमणुकीचे कार्यक्रम आखू नयेत. दूध काढणे, भाजी खुडणे, भाताची लावणी, नाचणीची मळणी ही कामे ज्या वेळी चालू असतील त्या वेळी पाहुण्यास सोबत न्यावे व इच्छा असल्यास हात लावू द्यावा. पहिल्या दिवशी त्याचा हात वारंवार खिशाकडे जाईल, त्यास चैन पडणार नाही. अशा वेळी बडबड करून त्याचे मन रमविण्याचा प्रयत्न न करता त्यास शेंगा सोलावयास बसवावे. ज्या आठवड्यात स्वतःची कापणी वा पेरणी अंगावर आली असेल, त्या आठवड्यात पाहुण्यास नम्रपणे नकार द्यावा. मूळ धंदा शेती हाच आहे.

अंधारात सर्प-विंचवाचे भय असते, हे विसरू नये. प्रत्येक खोलीत विजेरी ठेवावी व रात्री पायात जोडे घालण्यास सांगावे. सर्पदंशावरील लस असलेले जवळचे रुग्णालय कोणते, याची आगाऊ चौकशी करावी आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा.

हिशेब

पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, माणशी दररोज १,२०० रुपये दर ठरविला. अन्नास ३५०, घरातील स्त्रियांच्या श्रमास २५०, धुलाई व इंधनास १०० आणि दुरुस्तीस १५० असा ८५० रुपये खर्च धरल्यास ३५० रुपये शिल्लक राहतात. चार पाहुणे, दोन दिवस व वर्षातील २० आठवडे धरले असता निव्वळ शिल्लक ५६,००० रुपये होते.

यात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, स्वयंपाक, झाडलोट व धुणे यांचा भार घरातील स्त्रियांवर पडतो. त्यांच्या वाट्याचे वर्षाचे ४०,००० रुपये वेगळे काढून त्यांच्याच हाती द्यावेत. तसे न केल्यास जो नफा दिसतो तो त्यांची मजुरी बुडवून झालेला असतो. दुसरी, नव्या खोल्यांसाठी ८ लाख रुपयांचे कर्ज दरसाल दर शेकडा १० दराने काढल्यास पहिल्या वर्षीचे व्याजच ८०,००० रुपये होईल. ते भागविण्यासाठी गर्दी वाढवावी लागेल, गर्दीबरोबर गोंगाट येईल आणि ज्या शांततेसाठी पाहुणे येत होते ती नाहीशी होईल. म्हणून असलेल्या घरात व स्वतःच्या भांडवलावर प्रारंभ करावा आणि नोंदणीचे नियम पर्यटन विभागाच्या कार्यालयातून समजून घ्यावेत.

जमिनीचा कस एकदा गेला की तो परत आणण्यास वर्षे लागतात. गावाच्या शांततेचेही तसेच आहे. शेतकरी बंधुभगिनींनी पेलतील तेवढेच पाहुणे घ्यावेत व आपली रात्र अंधारी राखावी. म्हणजे घरात चार पैसे येतील आणि आपल्या मुलांनाही चांदणे पाहावयास मिळेल.