माहितीची राखीव प्रत

बेळगावहून खानापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उद्यमबाग ही आमची कारखान्यांची वसाहत आहे. तेथील फाउंड्रीत वाळूत पॅटर्न दाबून साचा करतात व त्यात लोखंडाचा रस ओततात. पॅटर्नचा बारीकसा टवका उडाला, की पुढच्या प्रत्येक नगावर तोच दोष उमटतो. संगणकातील माहितीचेही असेच आहे.

बँकेची खाती, रेल्वेची आरक्षणे, परीक्षांचे निकाल ज्या संगणकीय साठ्यात नोंदलेले असतात त्यास डेटाबेस म्हणतात. एक यंत्र बंद पडल्यास काम अडू नये म्हणून तोच साठा दोन-तीन यंत्रांवर ठेवतात. मुख्य यंत्रावरील प्रत्येक फेरफार थोड्याच वेळात इतरांवर उतरतो. यंत्र बिघडले तर ही सोय उत्तम होय. परंतु कोणी चुकून खातीच पुसली तर? अनुयायी यंत्रे तीही आज्ञा निमूटपणे पाळतात व सर्व प्रती कोऱ्या होतात! म्हणून ठरावीक वेळी काढून बाजूस ठेवलेली राखीव प्रत, म्हणजेच बॅकअप, निराळी असावयास हवी.

ती परत बसविण्याचा क्रम आहे. प्रथम नव्या नोंदी थांबवून यंत्रांमधील दुवा तोडावा. मग एकाच यंत्रावर राखीव प्रत उतरवावी. त्यानंतरचे व्यवहार रोजकीर्दीप्रमाणे लॉगमध्ये क्रमाने लिहिलेले असतात. ते चुकीच्या आज्ञेच्या आधीच्या क्षणापर्यंत पुन्हा चढवावे. साठा तपासावा आणि मगच इतर यंत्रांवरील प्रती टाकून देऊन या शुद्ध साठ्यावरून नव्या कराव्या. जुनी प्रत तशीच जोडली, तर दोन यंत्रे दोन हिशेब सांगू लागतील.

हाच क्रम आपल्या वाङ्मयातही आढळतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. पुढे हस्तलिखितावरून हस्तलिखित होत गेले व एकाचा लेखनप्रमाद दुसऱ्यात उतरला. एकनाथमहाराजांनी अनेक प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. आधी एक प्रत शुद्ध केली, मग तीवरून इतर झाल्या.

मात्र राखीव प्रत आहे एवढ्या समाधानावर विसंबू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत मुख्य साठा चुकून पुसला गेला. नित्याचा बॅकअप बनतच नव्हता, हे त्या वेळी उमगले! सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची दुसरी एक प्रत हाती होती. मधल्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

विद्यार्थिमित्रहो, फाउंड्रीत नवा पॅटर्न आला की आधी नमुन्याचा नग ओतून त्याची मापे तपासतात. राखीव प्रतही अशीच अधूनमधून दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहावी. संकटाच्या दिवशी ती प्रथमच उघडण्याची पाळी आपणांवर येऊ नये.