पित्यासह बालकांचा सामुदायिक व्यायाम : अंबरपेठच्या निमित्ताने

बालसंगोपन म्हटले की आईचीच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. शासकीय योजनांची रचनाही बव्हंशी याच समजुतीवर झालेली आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगावी व वस्तोवस्ती पोचविली. परंतु सकाळी मुलाचे बोट धरून अंगणवाडीच्या दारात येते ती बहुधा आई, आजी अथवा थोरली बहीण. वडील येतात ते दाखल्याच्या कामासाठी. मूल तीन वर्षांचे झाल्यापासून शाळेत रुळेपर्यंतच्या काळात वडिलांनी नेमके काय करावयाचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. या काळात मुलासमवेत खेळणे हे त्यांचे एक निश्चित कार्य आहे आणि ते वस्तीतील चारचौघांच्या सोबतीने अधिक चांगले साधते, असे अलीकडील अभ्यासांवरून दिसून येते.

हैदराबाद शहरातील अंबरपेठ हा भाग या विचारासाठी उदाहरण म्हणून घेण्याजोगा आहे. मराठी वाचकास तो सर्वस्वी परका नाही. मराठवाड्यातील जिल्हे 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. मनमाडहून मराठवाडा ओलांडून येणाऱ्या लोहमार्गाने जे काचीगुडा स्थानक गाठावयाचे, तेथून पूर्वेकडे थोड्याच अंतरावर अंबरपेठ लागते. दक्षिणेस मुसी नदी, मधून जाणारा वर्दळीचा महामार्ग आणि दोन्ही अंगांना दाट वस्ती असे त्याचे स्वरूप आहे. महामार्गावरील कोंडी हलकी करण्यासाठी 2025 मध्ये येथे उड्डाणपूल खुला झाला. वाहनांची सोय झाली. चार वर्षांच्या मुलास धावण्यासाठी मात्र गल्लीखेरीज जागा नाही, आणि गल्लीत दुचाकी उभ्या. पोलीस दलाची प्रशस्त मैदाने याच भागात असली, तरी ती प्रशिक्षणाच्या कामासाठी आहेत. त्याच 2025 साली बतुकम्मा कुंटा या बुजत चाललेल्या जुन्या तळ्याचे पुनरुज्जीवन होऊन लोकांना पाण्याकाठी फिरावयास जागा मिळाली, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब होय.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार तीन व चार वर्षांच्या बालकाने दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे हालचाल करावयास हवी आणि त्यांपैकी किमान 60 मिनिटे तरी धाप लागेल अशा खेळात जावयास हवीत. पडद्यासमोर बसून राहण्याचा वेळ एका तासापेक्षा अधिक नसावा. पाच वर्षांनंतर रोज सरासरी 60 मिनिटांचा जोमदार व्यायाम सांगितला आहे. 180 मिनिटे हा आकडा ऐकून अनेक पालक दचकतात. वस्तुतः मोकळ्या अंगणात वाढणारे मूल एवढी हालचाल कोणी न सांगता करीत असे. अंगण गेले आणि तिची मोजदाद करण्याची वेळ आली.

दुसरी बाजू वडिलांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (2015-16) देशातील 18.9 टक्के पुरुष वाजवीपेक्षा अधिक वजनाचे आढळले होते. पाचव्या फेरीत (2019-21) हे प्रमाण 22.9 टक्क्यांवर गेले. पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाणही याच काळात 2.1 वरून 3.4 टक्के झाले. बालकांचा हा आकडा लहान आहे. त्याच पाचव्या फेरीत 35.5 टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली, हे विसरून चालणार नाही. म्हणून या कार्यक्रमाकडे केवळ ‘लठ्ठ मुलांचा उपाय’ म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. पुरेसे खाणारे व अपुरे खाणारे अशी दोन्ही मुले एकाच गल्लीत राहतात. खेळ दोघांनाही हवा, आणि त्याबरोबर दुसऱ्यास पोटभर सकस आहारही हवा.

पित्यांना मध्यवर्ती ठेवून आखलेल्या कार्यक्रमांचा पद्धतशीर अभ्यास ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल विद्यापीठात प्राध्यापक फिलिप मॉर्गन व त्यांचे सहकारी यांनी केला. त्यांच्या प्रारंभीच्या प्रयोगात 53 अतिवजनी वडील व त्यांची 71 शाळकरी मुले होती. तीन महिन्यांत आठ बैठका झाल्या. त्यांतील पाच केवळ वडिलांसाठी व तीन मुलांसह. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांअखेर कार्यक्रमातील वडिलांचे वजन सरासरी 7.6 किलोग्रॅमने घटले, तर प्रतीक्षेत ठेवलेल्या गटाचे जवळजवळ तेवढेच राहिले. मुलांची हालचालही वाढली. पुढे याच धर्तीवर शाळेत न जाणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या बालकांसाठी स्वतंत्र कार्यक्रम तयार करण्यात आला.

यातील रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. वडिलांना आधी स्वतंत्रपणे बसवून, मुलाच्या सवयींवर आपला काय परिणाम होतो व कोणते खेळ कसे शिकवावेत हे सांगितले गेले. मैदानावर मुले खेळत आहेत आणि वडील कठड्यावर बसून भ्रमणध्वनी पाहत आहेत, हे दृश्य कोणत्याही उद्यानात दिसते. त्याला सामुदायिक व्यायाम म्हणता येत नाही. मूल वडिलांना खेळावयास ओढते, वडील खेळले की मुलास अधिक हुरूप येतो. या परस्परांच्या ओढीवरच सारा कार्यक्रम उभा आहे.

मुलींचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा आहे. त्याच विद्यापीठाने केवळ वडील व मुली यांच्यासाठी आखलेल्या कार्यक्रमाचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 115 वडील व 153 मुली होत्या. चेंडू फेकणे, झेलणे, लाथाडणे, लंगडी घालणे ही कौशल्ये नुसते वय वाढल्याने येत नाहीत, ती सरावानेच येतात. मुलाच्या हाती वडील सहज चेंडू देतात. मुलीच्या हाती देत नाहीत. पुढे ती शाळेच्या मैदानावर बाजूला उभी राहते आणि ‘मुलींना खेळाची आवड नसते’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो.

आपल्याकडे याला परंपरेचा आधार नाही काय? आहे, पण अर्धाच. बापाने मुलाला तालमीत नेऊन वस्तादाच्या स्वाधीन करावे, ही महाराष्ट्राची जुनी रीत. अमरावतीच्या 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी व्यायामाला सार्वजनिक चळवळीचे रूप दिले. तथापि तालीम ही मोठ्या मुलांची जागा. तेथे पिता मुलाला पोचवून परत फिरत असे आणि तीन वर्षांच्या मुलीला तेथे प्रवेशच नव्हता. याउलट लगोरी, लंगडी, शिवाशिवी, सूरपारंब्या हे खेळ सर्वांचे. लगोरीला फुटक्या फरश्यांचे तुकडे व चिंध्यांचा चेंडू पुरतो. पाठीवर घोडा-घोडा करण्यास तर काहीच लागत नाही.

कार्यक्रम सुरू करण्यात खरी अडचण साहित्याची नसते; वडील मिळविणे हीच खरी अडचण. ब्रिटनच्या वेस्ट मिडलंड्स भागात, जेथे दक्षिण आशियातील अनेक कुटुंबे राहतात, हाच ऑस्ट्रेलियन कार्यक्रम स्थानिक रूपात राबविण्याचा प्रयत्न झाला. तेथे पुरेसे वडील गोळा करणेच इतके कठीण गेले की मोठ्या प्रमाणावरील चाचणी व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष निघाला. अंबरपेठेत अथवा नांदेड-परभणीच्या एखाद्या वस्तीत काम करणाऱ्यांनी हे आधीच जाणून असावे. रिक्षा चालविणारा, दुकानात रात्री दहापर्यंत उभा राहणारा, पाळीने कामास जाणारा पिता भित्तीपत्रक वाचून येत नाही. त्याला शिक्षकाने वा अंगणवाडीसेविकेने नावाने बोलवावे लागते. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे आधी आलेल्या शेजाऱ्याने सोबत आणणे. घरातील स्त्रियांचा पाठिंबाही आवश्यक आहे. रविवारची सकाळ हा घरकामात वडिलांचा हातभार मिळण्याचा एकमेव वेळ असेल, तर तो काढून घेतल्याने घरात कुरबूर होणारच.

जागेसाठी सर्वांत सोयीचे म्हणजे शाळेचे आवार. सुटीच्या दिवशी ते कुलूपबंद असते. मुख्याध्यापकांनी जबाबदार व्यक्तीच्या नावे दोन तासांपुरती किल्ली द्यावी, एवढाच प्रश्न असतो; परंतु ‘काही मोडले तर कोण भरून देणार’ या एका शंकेपायी अनेक आवारे ओस पडून राहतात. स्थानिक संस्थेने ही हमी लेखी घेतल्यास अडसर दूर होतो. वाहने थांबविली तर रस्ताही मैदान होतो, याचा अनुभव हैदराबादकरांना आहे. ऑगस्ट 2021 मध्ये हुसेनसागराकाठचा टँक बंड रस्ता रविवारी सायंकाळी वाहनांना बंद करण्यास आरंभ झाला, तेव्हा तेथे कुटुंबेच्या कुटुंबे लोटली होती. मात्र त्या गर्दीत मुख्य आकर्षण करमणुकीचे व खाद्यपदार्थांचे होते. वस्तीतील लहान गल्ली तासभर बंद ठेवणे अधिक उपयोगाचे.

पंधरा ते वीस जोड्या पुरेत. उन्हाळ्यात हैदराबादचे तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, त्यामुळे सात वाजता आरंभ करून आठपूर्वी आटोपावे व पिण्याचे पाणी जवळ ठेवावे. आरंभी दहा मिनिटे अंग मोकळे करणे, नंतर धावण्या-झेलण्याचे खेळ, शेवटी थोडी मस्ती, एवढा क्रम पुरेसा आहे. गुण, क्रमांक व बक्षिसे कटाक्षाने टाळावीत. चार वर्षांचे मूल हरले म्हणजे पुढच्या रविवारी येत नाही आणि हरलेला बापही येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब व 11.4 टक्क्यांना मधुमेह आहे. त्यामुळे पहिल्याच दिवशी आरोग्य कर्मचाऱ्याकडून वडिलांचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. ज्यांना चालताना छातीत दुखते त्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून धावू नये.

ज्या मुलास वडील नाहीत अथवा ते परगावी कामाला आहेत, त्याच्यासोबत मामा, काका किंवा आजोबा येऊ शकतात. बोलावण्याच्या चिठ्ठीतच हे स्पष्ट लिहावे, म्हणजे ते मूल घरी राहणार नाही. हजेरीची वही ठेवावी आणि तीत मुलाबरोबर वडिलांचेही नाव असावे. सलग दोन रविवार न आलेल्या पित्याच्या घरी तिसऱ्या रविवारपूर्वी कोणीतरी जाऊन यावे.