गॅप कडाडतो, ठिणगी मात्र दोनच इंच

प्रश्न : 9,000 व्होल्ट, 30 मिलिअँपिअरचा निऑन ट्रान्सफॉर्मर वापरून टेस्ला कॉइल बनवली. स्पार्क गॅप जोरात कडाडतो, पण टॉरॉइडमधून जेमतेम दोन इंचांची ठिणगी निघते. कुठे चुकतंय?

उत्तर : एवढ्या ट्रान्सफॉर्मरवर फूटभर ठिणगी सहज निघायला हवी. गॅप वाजतोय, तेव्हा माझा पहिला संशय ट्यूनिंगवर. प्रायमरी आणि सेकंडरीची वारंवारता जुळली नाही, तर ऊर्जा वर चढतच नाही, गॅपमध्येच तापून वाया जाते. प्रायमरीवरची क्लिप अर्धा-अर्धा वेढा बाहेर सरकवत पाहा. टॉरॉइड हिशेबात धरला नसेल, तर सेकंडरीची वारंवारता अंदाजापेक्षा खाली असते. ठिणगी लांबली की ही वारंवारता आणखी उतरते. त्यामुळे योग्य वेढा बहुधा कागदावरच्या गणितापेक्षा बाहेरच सापडतो.

कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे, पल्ससाठी बनवलेलेच हवेत. जुन्या रेडिओतले काढून लावले असतील, तर ते आधी बदला. सेकंडरीचं खालचं टोक घराच्या अर्थिंगला मुळीच जोडू नका; अंगणात ओल्या मातीत वेगळा रॉड ठोका.

आणि हो, क्लिप हलवण्याआधी दर वेळी प्लग काढून कपॅसिटर इन्सुलेटेड दांडीने शॉर्ट करा. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा भार उरलेला असू शकतो.