चिकुनगुन्यानंतरचे नेत्रविकार

१९७३ साली बार्शीत उद्भवलेला चिकुनगुन्या २००६ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा पसरला. ज्वर ओसरल्यावर आपले लक्ष संधिशूलाकडे राहते. परंतु काही रुग्णांत पुढील काही आठवड्यांत नेत्रांतर्गत दाह उत्पन्न होतो.

लाली, वेदना व प्रकाशासहिष्णुता असून चिपड नसल्यास केवळ अभिष्यंद समजू नये. दृष्टिनाडीचा दाह असल्यास तर डोळा पांढराच राहतो, दृष्टी मात्र अकस्मात मंदावते. उपेक्षित अभिष्यंदातून अधिमंथ होतो, हा सुश्रुताचार्यांचा इशारा येथेही स्मरावा.

दिग्रस परिसरातील वैद्यबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी अलीकडील तापाविषयी अवश्य विचारावे, एकेक डोळा झाकून दृष्टी तपासावी, स्टेरॉइडचे थेंब वा तीक्ष्णांजन परस्पर देऊ नये आणि रुग्णास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे, असे आम्ही आग्रहपूर्वक सुचवितो.