उसाच्या सरीत घरचं माळवं

लेकरांची शाळा, भाकरी, धारा आणि वावर यांत घरच्या माउलीला दम खायला सवड नसते. त्यात माळव्यासाठी आठवडी बाजारात अर्धा दिवस जातो, पैसा जातो तो वेगळाच.

पूर्वहंगामी लागण 15 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर होते. पहिले दोन-तीन महिने ऊस सावकाश वाढतो, वरंबा मोकळाच असतो. घराजवळच्या चार सऱ्यांच्या वरंब्यावर मेथी, कोथिंबीर, पालक, कांदा लावा. लांबच्या वावरात लावलं तर तिचं कामच वाढेल! बी सगळं एकदम टाकू नये. दहा-दहा दिवसांनी एकेक वरंबा पेरावा, म्हणजे भाजी पुरवून येते. मेथी महिना-सव्वा महिन्यात निघते. पाणी उसाचंच. मोठ्या बांधणीआधी वरंबा रिकामा करावा.

पुरुष मंडळींनी मात्र ध्यानात ठेवावं, या सऱ्यांत अ‍ॅट्राझिन किंवा टू-फोर-डी मारू नये. वारं माळव्याकडे असेल त्या दिवशी शेजारीही फवारू नये. ही औषधं मेथी-पालक जाळतात, आणि तीच भाजी लेकरांच्या ताटात जाते. फवारणीचा दिवस घरात आधी सांगा. पुष्कळ ठिकाणी तो भाजी खुडणारीलाच माहीत नसतो.